‘बिबड्या’ केवढ्या अक्षरात? एका पाकिटाचं प्रकरण

2023च्या फेब्रुवारीत अमळनेरहून एका मुलाचा फोन आला. “मॅडम, लोगो करायचाय, बचत गटाचा. किती घेता?”

जळगावात बसून फ्रीलान्स करणाऱ्या कुठल्याही डिझायनरला हा फोन तोंडपाठ असतो. ‘किती घेता’ला लगेच आकडा सांगायचा नसतो, हे शिकायला मला चार वर्षं लागली. मी विचारलं, माल काय आहे? पापड, कुरडया, बिबड्या. करतं कोण? आई आणि तिच्या गटातल्या अकरा बायका. सध्या कशात देता? साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मेणबत्तीनं चिकटवून. “म्हणून तर ब्रँडिंग करायचंय ना मॅडम.”

ते पाकीट मी दोनदा केलं. पहिल्यांदा माझं चुकलं, आणि चुकलंय हे कळायला सहा महिने लागले. गटाचं आणि गावाचं नाव देत नाही. बोरी नदीच्या अलीकडे, अमळनेर तालुक्यात, एवढं पुरे.

बिबडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतात, आंबू देतात, मग धुऊन, वाळवून, दळून तिचा घाटा शिजवतात. त्यात लसूण, तीळ, जिरं, मिरची, मीठ. खाटेवर ओलं धोतर किंवा जुनं लुगडं ताणायचं आणि पाण्याच्या हातानं घाटा गोल थापत जायचं. सगळं काम पहाटे, ऊन चढायच्या आत. वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि एकेक बिबडी सोडवायची. मार्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओट्यावर अशा पाच खाटा होत्या. बिबडीच्या खालच्या बाजूला कापडाचं विणकाम उमटलेलं असतं, बारीक जाळीसारखं. हाताच्या मालाची ती खूण. यंत्रावरच्या पापडाला ती येत नाही. तिचा मी फोटो काढला, आणि पहिल्या डिझाइनमध्ये ती कुठेच वापरली नाही. आज तो फोटो पाहिला की स्वतःच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटते.

मुलगा बीकॉम झालेला, गावात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. त्याला आपण दादा म्हणू, मीही तेच म्हणायचे. दादाच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, टीव्हीवर रोज ‘मिलेट, मिलेट’ चाललं होतं, आणि ज्वारी म्हणजे मिलेटच. तेव्हा पाकिटावर इंग्रजीत ‘मिलेट क्रिस्प्स’. कोपऱ्यात नथवाली बाई. खाली वारलीची नाचणारी माणसं. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये माल जायला पाहिजे.

वारली आणि नथ या दोन गोष्टींवर मी त्याच दिवशी फुली मारली. वारली ही पालघर-ठाणे पट्ट्यातल्या एका समाजाची चित्रं, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक बचत गटाच्या लोणच्यावर ती नाचतायत. त्या ओट्यावरच्या अकरा बायकांपैकी एकीच्याही नाकात तसली पेशवाई नथ नव्हती. मग पाकिटावरची ती बाई कोण? दादाला हे पटलं नसावं, पण मॅडम पुण्यात शिकलेल्या म्हणून तो गप्प बसला. आणि ‘पुण्यात शिकलेल्या’ हीच पुढची अडचण होती.

मी अठरा हजार सांगितले. त्यात गटाच्या नावाचं अक्षरांकन, तीन मालांची लेबलं आणि छापखान्यात जाऊन छपाई उभी करून देणं. निम्मे आधी. दादा म्हणाला, फ्लेक्सवाला पाचशेत लोगो देतो. अशा वेळी मी फ्लेक्सवाल्याला नावं ठेवत नाही. तो त्याच्या धंद्यात बरोबर आहे, त्याला बॅनर विकायचाय. मी कामांची यादी पुढे ठेवली: लेबलवर कायद्यानं काय-काय लागतं, छपाईचा कुठला प्रकार तुमच्या मालाला परवडेल, पाकीट टांगायचं की उभं ठेवायचं. यादी वाचून त्याची आई, म्हणजे गटाच्या आक्का, एवढंच म्हणाल्या, “लिहून द्या.” मराठीत एक पानाचा करार केला. नऊ हजार आले, त्यातले काही दहा-दहाच्या नोटांत.

मग मी पाकीट केलं, आणि ते देखणं झालं. तपकिरी क्राफ्ट कागदाचा उभा राहणारा झिपवाला पाऊच, त्यावर मळकट पांढरं लेबल. मधोमध ‘ज्वारीचे पापड’, मुक्ता फाँटच्या सर्वांत बारीक वजनात, म्हणजे सर्वांत सडपातळ रेषेत, आकार 34 पॉइंट. त्याखाली ‘खान्देशी बिबड्या’, 11 पॉइंट, राखाडी. भरपूर मोकळी जागा. माझ्या पोर्टफोलिओत ते अजून आहे आणि पुण्याच्या मित्रांना अजून आवडतं.

हिशेब माझ्या दृष्टीनं सरळ होता. ‘बिबड्या’ हा शब्द खान्देशाबाहेर कोणाला कळणार? अनोळखी गिऱ्हाइकाला आधी वस्तू कळायला हवी. म्हणून कळणारा शब्द मोठा, न कळणारा लहान. मॉलसाठी म्हणत असाल तर आजही मी हाच हिशेब करीन.

मे महिन्यात पाऊच अमळनेरच्या दोन किराणा दुकानांत आणि जळगावात एका दुकानात ठेवले. ऑगस्टपर्यंत निम्मेही गेले नाहीत. दादाला वाटलं, दुकानदार पुढे ठेवत नाही. मला वाटलं, किंमत. आक्कांनी पहिला पाऊच हातात घेतला तेव्हाच खरं काय ते सांगून टाकलं होतं: “हाई ते दवाईनं पाकीट दिखस व माय.” सगळ्या हसल्या, मीही हसले. माझ्या वहीत ते वाक्य ‘गंमत’ म्हणून लिहिलेलं आहे.

दिवाळीच्या आधी जळगावात बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन होतं. गिऱ्हाईक पाकिटाशी काय करतं ते पाहायचं म्हणून मी दोन दिवस त्यांच्या स्टॉलमागे खुर्ची टाकून बसले. हे काम मी आधी करायला हवं होतं. लोक येत, पाऊच उचलत, फिरवून बघत, दाबून बघत. दाबलं की आत एक ‘कट’ आवाज. बिबडी तुटली. ती वीतभर, पातळ, ठिसूळ. उभ्या पाऊचमध्ये ती एकमेकींवर उभी राहते आणि खालची वरच्यांच्या वजनानं मोडते. बाहेरून आत काही दिसत नाही म्हणून दाबायचं, दाबलं की मोडायचं. संध्याकाळपर्यंत टेबलावरच्या पाऊचांत चुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या, बरोबर दोन मुलं. दिवाळीला माहेरी आलेल्या. टेबलावर आमचे तीस-चाळीस पाऊच मांडलेले. त्यांनी एकदा सगळ्यांवर नजर फिरवली आणि आक्कांना विचारलं, “बिबड्या नहीत का?”

आक्कांनी काही न बोलता एक पाऊच फाडला आणि बिबडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती उलटी केली, कापडाची जाळी बघितली, कोपरा मोडून तोंडात टाकला. मग चार पाऊच घेतले. “सुरतले लई जासू.” पैसे देताना म्हणाल्या, उधन्यात त्यांच्या गल्लीत सगळे धुळे-अमळनेर-शिरपूरचेच, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी गाडीनं पोतंभर घेऊन येतं.

उधना हे सुरतेचं उपनगर. उधना-जळगाव रेल्वेमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा येतो, आणि त्याच मार्गानं खान्देशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या कापड गिरण्यांत आणि यंत्रमागांवर गेली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझाच एक मामा लिंबायतला राहतो. पण पाकीट करताना माझ्या डोळ्यांपुढे मामा नव्हता, कोथरूडमधली कोणी अनोळखी बाई होती. आमचं खरं गिऱ्हाईक घरापासून लांब राहणारं आमचंच माणूस होतं. त्याला ‘ज्वारीचे पापड’ हवेच नव्हते. त्याला बिबड्या हव्या होत्या, आणि तो शब्द मी 11 पॉइंटात राखाडी करून ठेवला होता.

त्या रात्री दादाला फोन करून म्हटलं, पाकीट बदलायचंय, माझी चूक आहे, डिझाइनचे जादा पैसे घेणार नाही, छपाईचा खर्च मात्र तुमचा. फ्रीलान्स करणाऱ्या दोस्तांना हे सांगितलं तर ते ओरडतात, फुकट का केलंस. चूक ब्रीफमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकानं सांगितलेल्या मागणीत, असती तर पैसे घेतले असते. ब्रीफ घेणारीच्या डोक्यात होती, तेव्हा पैसे कसे मागणार?

दुसऱ्या वेळी सुरुवात छपाईपासून केली. बाजारात मोठ्या कंपन्यांची जी चकचकीत पाकिटं दिसतात ती ग्रॅव्हूर छपाईची: प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर, आणि छापणारा किलोच्या हिशेबानं किमान माल मागतो. गटाला हंगामाला लागणारी पाकिटं हजाराच्या आतबाहेर. तो रस्ता बंदच. म्हणून ठरलं असं: पारदर्शक चपटी पिशवी, आत खाली ड्युप्लेक्स पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बिबड्या आडव्या, आणि तोंडाशी घडी घालून स्टेपल केलेलं छापील कार्ड, वर टांगायला भोक. बिबडी दिसते, जाळी दिसते, दाबायची गरज पडत नाही. कार्ड जळगावातच ऑफसेटवर, दोन रंगांत.

कुठले दोन रंग, यावर मी आठवडा घालवला. मला लाल आणि काळा हवे होते. लाल मिरचीचा, काळा मजकुराला. पण शाकाहारी मालावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका सक्तीचा, आणि तो हिरवाच लागतो. म्हणजे हिरवा हा तिसरा रंग, तिसरी प्लेट. शेवटी काळाच काढून टाकला. गडद हिरवा आणि लाल. मजकूर हिरव्यात, आणि जिथे काळ्यासारखं काही हवं तिथे हिरव्यावर लाल छापून घेतला. जवळजवळ काळा उतरतो. एका ठिपक्यामुळे सगळ्या कार्डाचं रूप ठरलं. आता लोक म्हणतात, रंग किती विचार करून निवडलेत.

‘बिबड्या’ ही अक्षरं हातानं काढली. कार्डाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, जाड, बुटकी, बोरूनं भिंतीवर लिहावीत तशी. सगळी मेहनत ‘ड्या’त गेली. ‘ड’च्या पोटात ‘य’ बसवायचा तर एकतर गाठ होते, नाहीतर हलन्त खाली लोंबतो. छपाईत तो भरून आला की ‘बिबडया’ वाचलं जातं. सतरा-अठरा वेळा काढलं. खाली लहान अक्षरात ‘ज्वारी, लसूण, तीळ’. इथे एक बारीक गोष्ट: मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तर चांगले युनिकोड फाँट ते आपोआप देतात. बहुतेक जण ते निवडत नाहीत. ‘लसूण’चा ल हिंदी वळणाचा आला तर गिऱ्हाइकाला कारण सांगता येणार नाही, पण पाकीट परक्याचं वाटेल, असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही.

कार्डाच्या मागची बाजू कायद्याची. तिथे अनेक डिझायनर अडखळतात, म्हणून नीट लिहिते. अन्नपदार्थाच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. पदार्थ काय आहे ते स्पष्ट कळेल असं नाव लागतं, म्हणून ‘ज्वारीचे पापड’ तिकडे हिंदीत गेले, आपल्या योग्य आकारात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागे किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. वजनावर बायका अडून बसल्या. गावात बिबड्या शेकड्यानं मोजतात, ग्रॅमवर कोण घेतं? हाताची बिबडी एक जाड, एक पातळ. अडीचशे ग्रॅममध्ये कधी आठ बसतात, कधी नऊ. शेवटी घरात वजनकाटा आला आणि शेवटची बिबडी अर्धी मोडून काटा जुळवायची पद्धत पडली. ती अर्धी मी पाहिली तेव्हा वाईट वाटलं, पण त्याला माझ्याकडे उपाय नव्हता.

आणि पॅकिंगचा महिना. तो दर वेळी बदलणार म्हणून कोरा चौकोन ठेवला, तिथे रबरी शिक्का मारायचा. कार्ड चमकावं म्हणून छापखान्यानं ग्लॉस लॅमिनेशन सुचवलं, मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी बायकांनी दोनशे कार्डांवर शिक्के मारून गठ्ठे रचले. संध्याकाळी फोन आला. शाई प्लॅस्टिकवर वाळलीच नव्हती. तारखा एकमेकांवर, बोटांवर आणि एकीच्या लुगड्यावर उमटल्या होत्या. बारीक स्टिकर छापून ते कोऱ्या चौकोनावर चिकटवले. त्याचे पैसे मी दिले. पुढच्या छपाईत लॅमिनेशन काढलं.

या सगळ्यात मला 1936चं फैजपूर सारखं आठवत होतं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, आणि त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केली, गांधीजींच्या सांगण्यावरून, आसपास मिळणाऱ्या बांबू-लाकडातून. आमच्या कॉलेजात डिझाइनचा इतिहास जर्मनीतून सुरू व्हायचा. फैजपूर माझ्या घरापासून बसनं जेमतेम दीड-दोन तास, आणि ही गोष्ट मला तिशीत कळली.

2024ची अक्षय तृतीया 10 मे रोजी होती. आखाजी म्हणजे खान्देशात लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि परत जाताना वर्षाचं वाळवण पिशव्यांत घालून नेतात. बिबड्यांचा हंगामही तोच. दादा अजून मॉलच्या नादात होता. आक्का म्हणाल्या, पाकिटं आखाजीआधी गावात आणि स्टेशनाजवळच्या दुकानात ठेवा. जाहिरात केली नाही. दुकानदारानं दोरीवर टांगली, आणि ‘बिबड्या’ रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं. हजारातली जवळजवळ सगळी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेली. सगळं श्रेय डिझाइनला नाही. वेळ आणि जागा आक्कांनी निवडली होती.

पैशांची बाजू राहिली. उरलेले नऊ हजार तीन हप्त्यांत आले, शेवटचा हप्ता पंधरा महिन्यांनी. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचा 2006चा कायदा मला माहीत आहे, आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाला मी तो दाखवलाही आहे. अकरा बायकांना काय दाखवणार? हंगामाला माल विकला की पैसे, हे करारातच लिहायला हवं होतं, आता लिहिते.

दुसरा खटका जास्त लागला. मधल्या काळात दादानं लोगोची फाइल एका फ्लेक्सवाल्याला दिली. त्यानं गटाचं नाव आडवं ताणून बारा फुटी बॅनर केला, मागे सूर्यफुलांचं शेत आणि कोपऱ्यात, हो, नथवाली बाई. मी चिडले. मग करार काढून वाचला. मीच ‘हक्क गटाला’ एवढं मोघम लिहिलं होतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यात असं कंत्राटी काम मुळात काढणाऱ्याचं असतं, देताना लेखी द्यावं लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणजे माझ्या मोघमपणात माझं काही राखलं गेलं नव्हतं आणि गटालाही पाच वर्षांनंतर काही उरत नव्हतं. नवा कागद केला: पूर्ण पैसे आल्यावर हक्क कायमचे गटाचे, अक्षरं ताणायची नाहीत, आणि काय चालतं-काय नाही याचं एक चित्रांचं पान. शब्दांपेक्षा ते पान उपयोगी पडलं. दादानं ते दुकानात चिकटवलंय.

ट्रेडमार्कचाही विषय निघाला. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या एका वर्गाला 4,500 रुपये, आणि पापड 30व्या वर्गात येतात. पण ‘बिबड्या’ हे मालाचंच नाव. ते कोणा एकाला मिळत नाही, मिळूही नये. गटाचं नाव एका देवीचं, आणि त्या नावाचे गट तालुक्यात किती तरी. आक्कांनी ते पैसे वजनकाट्याला घातले.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका दुकानदारानं तीनशे पाकिटं मागितली, एका अटीवर. त्यांच्याकडे ‘बिबडे’ म्हणतात, कार्डावर तेच पाहिजे. दादाला वाटलं, एका अक्षराचं काम, पाच मिनिटांत होईल. ‘ड्या’ काढून ‘डे’ ठेवला तर उजवीकडे बोटभर जागा रिकामी पडते, आणि मात्रा वरच्या भोकात घुसते. बाकीची अक्षरं रुंद केली तर तो फ्लेक्सवाल्याचा उद्योग झाला. म्हणून तिन्ही अक्षरं पुन्हा काढतेय. बाराशे सांगितले. आक्कांनी दादाला विचारलं, “बठ्ठा (सगळा) शबद नवा काढी ऱ्हायनी का ती?” तो हो म्हणाला. मग म्हणाल्या, दे.